निविदेच्या टेबलावर बाहेरचा माणूस

बारामतीहून इंदापूरकडे निघालात की भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा रस्ता लागतो आणि नीरा डावा कालवा अधूनमधून सोबतीला येतो. या रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या गावरस्त्यांवर कामांचे फलक दिसतात. कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम सुरू झाल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी. मी गेली तीन वर्षं असे फलक वाचत फिरते आहे. त्यावर एक ओळ मला अजून दिसलेली नाही: ही निविदा निघण्यापूर्वी, ज्याला या कामातून काहीच मिळणार नाही अशा कुणी ती पाहिली होती का?

हा प्रश्न इथे घेण्याचं कारण असं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल, संशोधन आराखडा लिहीत असाल. ‘शासकीय खरेदी आणि निविदा’ असा विषय दिसला की आपल्या डोक्यात दोनच चौकटी येतात, एक घोटाळ्याची आणि एक कायद्याची. पहिलीत आपण खलनायक शोधतो, दुसरीत कलमं. दोन्ही शोधून झाल्यावर प्रबंध मात्र हलत नाही, कारण दोन्हींत ‘हे कसं घडत गेलं’ याचं उत्तर नसतं. माझं काम हललं ते तिसरा प्रश्न धरल्यावर. निविदेच्या टेबलावर बाहेरचा माणूस कधी बसवला गेला, तो कुणाचा नोकर होता, आणि तो ‘नाही’ म्हणाला तेव्हा त्या ‘नाही’चं पुढे काय झालं?

ऑस्ट्रेलियातल्या राज्यांमध्ये १९९० च्या दशकापासून या माणसाचा वेगळा व्यवसायच उभा राहिला. तिथे त्याला प्रोबिटी अॅडव्हायझर म्हणतात, आपण सचोटी-सल्लागार म्हणू. मोठं रुग्णालय, रेल्वेमार्ग, पाणीप्रकल्प अशी खरेदी असली की हा सल्लागार सुरुवातीपासून प्रक्रियेत असतो. तो दर ठरवत नाही, ठेकेदार निवडत नाही. सगळ्या इच्छुकांना एकच माहिती एकाच वेळी मिळाली का, निकष मध्येच बदलले का, मूल्यमापन करणाऱ्या कुणाचे हितसंबंध आहेत का, निर्णयाची कारणं लिहून ठेवली का, एवढंच पाहतो. ऑडिटर वेगळा, तो नंतर येतो. या पद्धतीवर तिथेही टीका होते, आणि ती साधी आहे: सल्लागाराचं बिल प्रकल्पच देतो, मग ज्याचं मीठ खायचं त्याला तो अडवेल कसा? हा आक्षेप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे हे पद नाही, म्हणून त्याचा इतिहासही नाही, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. मी विज्ञान शाखेतली. आमच्याकडे ज्या गोष्टीला नाव नाही ती गोष्ट मोजता येत नाही, अशी सवय लागते. इतिहासात ही सवय फसवते. नाव नसलं तरी काम असतं.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा कोरडा पट्टा होरपळला होता. भोर संस्थानाच्या हद्दीत वेळवंडीवर भाटघरचं पहिलं धरण झालं, त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याचं नाव मिळालं. पुढे १९२० च्या दशकात त्याच परिसरात मोठं लॉईड धरण उभं राहिलं. ही कामं करणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ब्रिटिशांनी एक गंमतीशीर खुर्ची तयार केली होती. गंमतीशीर म्हणजे हसण्यासारखी नव्हे, विचार करण्यासारखी. ती खुर्ची विभागीय लेखापालाची.

कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात बसणारा हा लेखापाल अभियंत्याच्या खात्याचा नसतो. तो महालेखापालांच्या संवर्गातला. पगारपत्रक इथलं, बदली-बढती तिकडची. त्याची कामं तीन. हिशेब जुळवणं, आर्थिक बाबतीत अभियंत्याला सल्ला देणं, आणि पैसे बाहेर पडण्यापूर्वी प्राथमिक तपासणी करणं. आता नियमातली खरी मेख बघा. एखादं देयक किंवा करार नियमात बसत नाही असं त्याला वाटलं, तर त्याने ते अभियंत्याला सांगायचं. अभियंता त्याचं म्हणणं डावलू शकतो, तो अधिकार त्याला आहेच. पण मग लेखापालाने आपला आक्षेप एका नोंदवहीत लिहायचा आणि अभियंत्याने त्याच्यासमोर आपली कारणं लिहायची. ती नोंदवही महालेखापालांकडून तपासणीला येणारी माणसं बघणार.

म्हणजे या माणसाकडे काम थांबवण्याची ताकद नव्हती. होती ती फक्त समोरच्याला लिहायला लावण्याची. शिवाय त्याचं मीठ दुसऱ्या घरचं होतं, त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या सल्लागारावर होणारा आक्षेप त्याला लागू होत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या निविदा-व्यवहारातला सर्वांत जुना सचोटी-सल्लागार हाच. शासकीय पाठ्यपुस्तकांत तो ‘लेखा शाखा’ या शब्दाखाली गडप झालेला असतो.

पण त्याला सगळं दिसायचं का? नाही, आणि हे समजायला तुम्हाला थोडं मातीत उतरावं लागेल.

आपला सगळा भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा. कालवा खोदताना वर माती, मग मुरूम, मग मऊ खडक, मग कठीण खडक. प्रत्येकाचा खोदाईचा दर वेगळा, आणि कठीण खडकाचा मुरमापेक्षा कितीतरी जास्त. अंदाजपत्रकात अभियंता लिहितो की एवढे घनमीटर मुरूम, एवढे घनमीटर कठीण खडक. दर येतात दरसूचीतून, ज्याला कार्यालयात सगळे डीएसआर म्हणतात. महाराष्ट्रात निविदेचे नमुने ठरलेले आहेत: बी-१ मध्ये ठेकेदार एकूण अंदाजावर टक्केवारीने कमी-जास्त बोली लावतो, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरतो. आता समजा, बी-२ मध्ये एका ठेकेदाराला आधीच ठाऊक आहे की प्रत्यक्षात कठीण खडक अंदाजापेक्षा बराच जास्त ‘निघणार’ आहे. तो मुरमाचा दर पडेल लावतो, खडकाचा चढा. बेरीज सगळ्यांत कमी येते, काम त्याला मिळतं. नंतर मोजमाप पुस्तकात खडक वाढतो. करारातलं कलम ३८ अशाच वाढलेल्या परिमाणांसाठी आहे, १२५ टक्क्यांपुढे गेलं की दर नव्याने ठरवायचा. म्हणजे वाढ १२५ टक्क्यांच्या आत राहिली तर चढाच दर चालू.

यात निविदा उघडण्याच्या दिवशी काहीच गैर घडलेलं नाही. पाकिटं सीलबंद होती, सर्वांत कमी बोली स्वीकारली, लेखापालाची बेरीज बरोबर. खोट असलीच तर ती दोन ठिकाणी: निविदेच्या आधी, अंदाजपत्रकात, आणि निविदेच्या नंतर, मोजमापात. बेरीज तपासणाऱ्याला खडक ओळखता येत नाही आणि खडक ओळखणारा त्याच खात्याचा असतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द संशोधन आराखड्यात लिहिताना लगेच पुढे लिहा, ‘कशापासून स्वतंत्र आणि कशात जाणकार’. या दोन गोष्टी एका माणसात सहसा सापडत नाहीत. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन गोष्टी एकत्र आणण्याची धडपड आहे.

१९९६ ला उडी मारू. कृष्णा खोऱ्याच्या पाण्यावर बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ चा. त्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी, आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद. त्या तारखेआधी पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल, ही भीती नव्वदच्या दशकात राज्यभर होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. तिजोरीत पैसे नव्हते. म्हणून १९९६ मध्ये कायदा करून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. महामंडळाने कर्जरोखे काढायचे, पैसा उभा करायचा, कामं झपाट्याने करायची. पुढच्या दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा अशी आणखी चार महामंडळं झाली.

महामंडळ म्हटलं की आपल्याला वाटतं सरकारपासून थोडं लांब असेल. निर्णयाच्या बाबतीत उलट झालं. नियामक मंडळाच्या अध्यक्षस्थानी खात्याचे मंत्रीच. पूर्वी मोठ्या खर्चाचा प्रस्ताव खात्याच्या सचिवांकडून वित्त आणि नियोजन विभागाच्या टेबलांवरून फिरून यायचा. ती टेबलं संथ होती, अनेकदा चीड आणणारी होती, पण ती परक्या खात्याची होती. ‘झपाटा’ हवा म्हणून जे वगळलं गेलं त्यात ही परकी टेबलं होती. माझा प्रबंध ज्या एका वाक्यावर उभा आहे ते हेच: उशीर आणि देखरेख एकाच खुर्चीत बसलेले असतात, आणि घाईत उशीर काढायला गेलं की देखरेखही उठून जाते.

या घाईचा परिणाम विदर्भात सर्वांत ठळक दिसला. २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. यातल्या ३० प्रकल्पांच्या वाढीव किमतींना अवघ्या चार दिवसांत मंजुरी मिळाली. निविदांच्या किमती अद्ययावत करण्याच्या पद्धतीवर नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने बोट ठेवलं. चार दिवसांत ३० प्रकल्पांची टिपणी वाचून होईल का, हा प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, तोवर तांत्रिक बाजू बघणारं बाहेरचं कुणीच नव्हतं का? होतं, नाशिकला. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समिती प्रकल्प अहवाल आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचे प्रस्ताव (कार्यालयीन भाषेत ‘सुप्रमा’) तपासते. खडक ओळखणारी माणसं तिच्यात आहेत. म्हणजे जाणकारी आली. पण सदस्य त्याच खात्याचे अधिकारी आणि समितीच्या नावातच ‘सल्लागार’. या समितीचे सदस्य आणि नाशिकच्याच अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना सविस्तर पत्र लिहिलं. वाढलेल्या किमती, निकृष्ट कामं, बंद पडलेल्या उपसा योजना, सगळं त्यात होतं. सप्टेंबरमध्ये ते पत्र वर्तमानपत्रांतून गाजलं. १९९९ नंतरच्या दशकात पाटबंधारे खातं सांभाळलेले, बारामतीचे आमदार आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये ते मंत्रिमंडळात परतले.

पांढऱ्यांचं पत्र वाचताना दोन गोष्टी करा. एक, ते साधन म्हणून जपून वापरा. २०१४ मध्ये त्यांनी नाशिकमधून आम आदमी पक्षातर्फे लोकसभा निवडणूक लढवली. त्यामुळे पत्र खोटं ठरत नाही, पण तुमच्या परीक्षकाला हा प्रश्न सुचणारच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वतः तपासणी समितीत बसणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं पोहोचवायला समितीबाहेर पत्र का लिहावं लागलं? लेखापालाकडे निदान आक्षेपाची नोंदवही होती. समितीत असहमतीची जागा कुठे होती? माझ्या मते त्या पत्रातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

आकड्यांवरून आठवलं. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतला ०.१ टक्क्याचा आकडा तुम्ही ऐकला असेलच. ‘७० हजार कोटी खर्चून सिंचन ०.१ टक्का वाढलं.’ हे वाक्य कुठल्याही निबंधात जसंच्या तसं टाकू नका. पाहणीत जे १७.८ वरून १७.९ झालं ते एकूण पिकाखालच्या क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचं प्रमाण होतं. जलसंपदा विभाग बोलत होता ‘निर्माण झालेल्या सिंचनक्षमते’बद्दल, म्हणजे पाणी पोहोचू शकेल अशा क्षेत्राबद्दल. नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेत म्हणूनच चित्र एकदम वेगळं दिसलं. शिवाय खर्चाच्या आकड्यात अपुरी कामंही होती, ज्यांतून पाणी यायचंच होतं. दोन्ही बाजू आपापल्या परीने खरं बोलत होत्या आणि भांडत होत्या दोन वेगळ्या गोष्टींवर. इंदापूरच्या टेलच्या शेतकऱ्याला मात्र हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. कागदावर त्याचं रान ‘लाभक्षेत्रात’ असतं आणि आवर्तन संपेपर्यंत पाणी वरच्या अंगालाच राहतं.

मग आली चितळे समिती. डिसेंबर २०१२ च्या अखेरीस शासनाने माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले, केंद्रात जलसंपदा सचिव राहिलेले, राज्याच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाचे अध्यक्ष. जाणकारीबद्दल शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पण चितळे मूळचे महाराष्ट्राच्या याच खात्यातून पुढे गेलेले, हे टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं. मला स्वतःला या टीकेत फारसा दम वाटत नाही. कालव्याचं अंदाजपत्रक वाचता येणारा माणूस या खात्यात कधीच न राबलेला असेल, ही अपेक्षाच अवघड आहे. खरी अडचण वेगळी होती. पथकाला चौकशी आयोग कायद्याखालचे अधिकार नव्हते, साक्षीदाराला समन्स काढून बोलावता येत नव्हतं. आणि ते आलं तेव्हा कामं वाटून, पैसे देऊन झालेले होते. २०१४ च्या सुरुवातीला अहवाल सादर झाला, जूनमध्ये शासनाच्या कार्यवाहीच्या टिपणीसह विधिमंडळासमोर आला. महामंडळांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या चुका त्यात सविस्तर आल्या. ज्यांना त्यात मंत्र्यांची नावं हवी होती ते निराश झाले, ज्यांना निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र हवं होतं त्यांनी ते त्यात वाचलं.

त्यानंतर काय झालं ते मी पटकन सांगते, कारण ते बातम्यांमधून तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खुल्या चौकशीला मंजुरी मिळाली. २०१८ च्या अखेरीस याच विभागाने उच्च न्यायालयात दिलेल्या शपथपत्रात विदर्भातल्या प्रकरणांत माजी मंत्र्यांच्या जबाबदारीकडे बोट दाखवलं. २०१९ च्या अखेरीस त्याच विभागाने दुसरं शपथपत्र देऊन त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही असं सांगितलं. खातं तेच, अंतर साधारण एका वर्षाचं. मधल्या काळात राज्यात काय घडलं ते प्रत्येकाने आपापल्या राजकीय मताप्रमाणे वाचलं. संशोधक म्हणून तुम्ही तिसरी गोष्ट करू शकता. दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवायची आणि फक्त एवढं शोधायचं की ‘या मंजुरीची कारणं कुणी लिहिली होती’ या प्रश्नाला प्रत्येकात काय उत्तर आहे. मी हा व्यायाम केला आणि तेव्हापासून मला टिपण्यांमधला एक शब्द खुपायला लागला: ‘चर्चा’. ‘चर्चा करावी.’ ‘चर्चेनुसार मान्य.’ शासकीय फायलीत जिथे हा शब्द येतो तिथे कारण लिहिलेलं नसतं. चर्चा तोंडी होते, सही लेखी होते. लेखापालाच्या नोंदवहीने नेमकी हीच वाट बंद करायचा प्रयत्न शंभरहून जास्त वर्षांपूर्वी केला होता.

निविदेच्या आधीच बाहेरचा माणूस आणावा, हे आपल्या देशात कुणालाच सुचलं नाही असं नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलने नव्वदच्या दशकात ‘इंटेग्रिटी पॅक्ट’ची, म्हणजे सचोटी कराराची कल्पना मांडली. खरेदी करणारा आणि बोली लावणारे सगळे आधीच लिहून देतात की लाच देणार-घेणार नाही, आणि त्यावर बाहेरचे निरीक्षक नेमले जातात. भारतात ओएनजीसीने २००६ मध्ये हे स्वीकारलं, २००७ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने मोठ्या खरेदीसाठी त्याची शिफारस केली. निरीक्षक म्हणून निवृत्त वरिष्ठ अधिकारी येतात, त्यांच्या नावांवर आयोगाचा हात असतो. म्हणजे मीठ थोडं तरी दुसऱ्या घरचं. पण दक्षता आयोगाचं क्षेत्र केंद्राचं, आपली पाटबंधारे महामंडळं त्यात येत नाहीत. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदा-पारदर्शकतेचे कायदे केले. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आहे, पण ती वस्तूंच्या खरेदीसाठी. १९७१ चा लोकायुक्त कायदा देशात सर्वांत आधी आपण अमलात आणला खरा, पण तिथेही दार उघडतं ते बहुतेक वेळा तक्रार आल्यावर.

सर्वांत धीट प्रयोग आंध्र प्रदेशाचा. २०१९ च्या कायद्याने तिथे १०० कोटी आणि त्यावरच्या पायाभूत कामांच्या निविदा निघण्यापूर्वीच न्यायाधीशांकडे जायच्या. कागदपत्रं लोकांसाठी खुली व्हायची, हरकती घेता यायच्या, आणि न्यायाधीशांच्या सूचना खात्याला पाळाव्या लागायच्या. बाहेरचा माणूस, वेळेवर आलेला, नुसता सल्लागार नसलेला. २०२४ मध्ये नव्या सरकारने कामांना उशीर होतो म्हणत तो कायदा रद्द केला. उशीर आणि देखरेख एकाच खुर्चीत, हे मी वर म्हटलं ते कृष्णेच्याच दुसऱ्या टोकाला पुन्हा दिसतं. तिथला न्यायाधीश कठीण खडक कसा ओळखायचा, हा माझा जुना प्रश्न मात्र तसाच राहतो.

एक मर्यादा इथेच सांगते, नाहीतर सचोटी-सल्लागार हा सगळ्यावरचा उतारा आहे असं वाटेल. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पासाठी नीरेपासून उजनीच्या जलाशयापर्यंत इंदापूर तालुक्याच्या पोटातून बोगदा खोदला जात होता. २० नोव्हेंबर २०१७ ला अकोले गावाजवळ त्याच्या शाफ्टमध्ये क्रेनचा दोर तुटून मजूर मृत्युमुखी पडले. निविदेची प्रक्रिया कितीही स्वच्छ ठेवली तरी तो दोर तपासणारा माणूस वेगळाच लागतो. सचोटीच्या अभ्यासात आपण टेबलाकडे इतकं बघतो की शाफ्टकडे बघायचं राहून जातं. माझ्याही आराखड्यात ते राहिलं होतं, मार्गदर्शकांनी लाल पेनाने लिहून दाखवलं.

आता तुम्हाला स्वतः काही करून बघायचं असेल तर जुनं प्रकरण घेऊ नका, चालू घ्या. इंदापूर-बारामतीच्या जिरायती गावांसाठी उजनीतून पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला २०२२ मध्ये सुमारे ३४८ कोटींची प्रशासकीय मान्यता मिळाली. सोलापूर जिल्ह्यात त्यावर मोठा विरोध झाला, उजनीचं पाणी कुणाचं यावर. भांडण सगळं पाण्याच्या वाटपावर झालं. निविदेबद्दल ना इकडे कुणी बोललं ना तिकडे. उपसा योजनेत पंप, नळ आणि वीजबिल हेच आयुष्यभराचं ओझं असतं, आणि कुठला पंप किती क्षमतेचा, हे ठरतं निविदेच्या आधी, अंदाजपत्रकात. या तालुक्यांतल्या किती गावांनी ‘योजना आहे पण चालत नाही’ हे वाक्य ऐकलंय ते वेगळं सांगायला नको.

सुरुवात शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरून करा: मान्यतेचा निर्णय डाउनलोड करून त्यातल्या अटी आधी वाचा, रक्कम नंतर. मग पुण्यात मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात माहिती अधिकाराचा अर्ज. माझे पहिले दोन अर्ज वाया गेले, कारण मी ‘निविदेची सर्व कागदपत्रे’ मागितली होती. एका कार्यालयाने ‘माहिती विस्तृत आहे’ म्हटलं, दुसऱ्याने कलम ८(१)(घ) दाखवलं, व्यापारी गुपित. ती सबब काम वाटप झाल्यानंतर बरीच लंगडी पडते, आणि अपिलात तसं मांडताही येतं. पण सोपा रस्ता म्हणजे कमी आणि नेमकं मागणं. तांत्रिक सल्लागार समितीचे अभिप्राय, आणि त्या अभिप्रायांवर खात्याने केलेली कार्यवाही. पूर्वअर्हतेचे निकष कधी ठरले आणि शुद्धिपत्रकं किती निघाली. विभागीय लेखापालाच्या आक्षेपांची नोंदवही. आणि प्रती न मागता कलम २(ञ) खाली पाहणी मागा. प्रतींमध्ये तुम्हाला दाखवायचं ते पान येतं. पाहणीत नोंदवही तुमच्या हातात असते आणि कोरी पानंही दिसतात.

मला ज्या कार्यालयात ती पाहायला मिळाली तिथे शेवटचा आक्षेप बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर दरमहा एकच ओळ, ‘निरंक’, आणि खाली दोन सह्या.